भोट आधी की भात?

सांगलीत पावसाळ्यात ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी किती चढलंय, यावर दुकान उघडायचं की माल वरच्या मजल्यावर न्यायचा हे ठरतं. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ फुटांच्या वर गेला. आमचं घर गावभागात. तळमजला पाण्याखाली गेला आणि पाणी उतरल्यावर जो गाळ मागे राहिला, त्याचा वास दिवाळीपर्यंत घरातून हलला नाही.

त्या दिवाळीच्या आठवडाभर आधी, २१ ऑक्टोबरला, विधानसभेचं मतदान होतं. पूर आणि मतदान यांत साधारण ७२ दिवसांचं अंतर. ज्या शाळेत केंद्र होतं, तिथल्या वर्गात फळ्याच्याही वर पाण्याची तपकिरी रेघ होती आणि त्या रेघेखाली बसून कर्मचारी शाई लावत होते. सकाळी आजी म्हणाली, "मी येत नाही. आधी घर धुऊन द्या म्हणावं, मग मत मागा." पुराच्या दिवसांत मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेले आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते. त्यामुळे तिच्याशी वाद घालायला घरात कुणी तयार नव्हतं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मला सगळ्या प्रश्नांना एक बरोबर उत्तर असतं असं वाटायचं. आपत्तीनंतर किती दिवसांनी निवडणूक घ्यावी, याचाही काहीतरी फॉर्म्युला असेल, म्हणून मी शोधायला बसलो. फॉर्म्युला सापडला नाही. भोला सापडलं.

भोला हे बांगलादेशातलं एक बेट आहे, मेघना नदी बंगालच्या उपसागराला मिळते तिथलं. तिथल्या लोकांनी आपत्तीनंतर ६६ दिवसांनी मतदान केलं होतं. आमच्याहून सहा दिवस आधीच. फरक एवढाच की आमच्याकडे लोक गाळ काढत होते, आणि तिथे काही गावांत गाळ काढायलाही माणसं उरली नव्हती.

१९७१ म्हटलं की आपल्याला इंदिरा गांधी, माणेकशॉ आणि ढाक्यातली शरणागती आठवते. 'सॅम बहादूर' पाहिलेला असतो. पण ती गोष्ट डिसेंबर १९७१ ची. त्याच्या बरोबर वर्षभर आधी, डिसेंबर १९७० मध्ये, पाकिस्तानात एक निवडणूक झाली आणि ती झाली नसती तर पुढचं बरंचसं वेगळं झालं असतं. तेव्हा देशाला २३ वर्षं होऊन गेली होती आणि प्रौढ मतदानानं थेट घेतलेली ही पहिलीच राष्ट्रीय निवडणूक होती. आपल्याकडे तोवर चार लोकसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या.

जनरल याह्या खान यांनी मार्च १९६९ मध्ये अयूब खान यांच्याकडून सत्ता घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निवडणुकीची तारीख जाहीर केली, ५ ऑक्टोबर १९७०. मार्च १९७० मध्ये 'लीगल फ्रेमवर्क ऑर्डर' निघाली. त्यातली एक गोष्ट महत्त्वाची होती. तोवर पूर्व आणि पश्चिम पाकिस्तानला समसमान जागा असत, जरी पूर्वेची लोकसंख्या जास्त होती तरी. आता लोकसंख्येनुसार वाटणी झाली. थेट निवडायच्या ३०० जागांपैकी १६२ पूर्वेला, १३८ पश्चिमेला. शिवाय स्त्रियांसाठी १३ राखीव जागा, त्यातल्या ७ पूर्वेच्या. निवडून आलेल्या सभेनं १२० दिवसांत राज्यघटना लिहायची, नाहीतर सभा बरखास्त. पूर्वेच्या मतदारयादीत ३ कोटी १२ लाख नावं होती. मुख्य निवडणूक आयुक्त होते न्यायमूर्ती अब्दुस सत्तार, जे पुढे बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष झाले.

त्या वर्षी पावसाळ्यात पूर्व पाकिस्तानात मोठे पूर आले. ऑगस्टमध्ये याह्या खान यांनी निवडणूक दोन महिने पुढे ढकलली. नवी तारीख ७ डिसेंबर. पूर ओसरू द्या, रस्ते मोकळे होऊ द्या, मग लोक मतदान करतील, असा साधा हिशेब. कुणीही हेच केलं असतं. मीही हेच केलं असतं.

फक्त नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा महिना असतो. एका पुरापासून सुटका म्हणून जी तारीख निवडली, ती बरोबर वादळाच्या पलीकडे जाऊन पडली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही काढून नुसत्या तारखा एका खाली एक लिहिल्या होत्या. ५ ऑक्टोबरलाच मतदान झालं असतं तर १२ नोव्हेंबरला पूर्व पाकिस्तानात निदान निवडून आलेले प्रतिनिधी असते, कुणाच्या तरी दारात जाऊन ओरडता आलं असतं. प्रत्यक्षात त्या रात्री पूर्व पाकिस्तानावर लष्करी कायदा होता आणि राष्ट्राध्यक्ष चीनच्या दौऱ्यावर होते.

१२ नोव्हेंबरच्या रात्री वादळ किनाऱ्याला लागलं. रमजानचा महिना, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, त्यामुळे मुळातच भरती मोठी. तिच्यावर वादळानं ढकललेलं समुद्राचं पाणी चढलं. साधारण २० फूट, काही ठिकाणी त्याहून जास्त. भोला, हातिया, मनपुरा आणि त्या भागातली शेकडो लहान 'चर', म्हणजे नदीच्या गाळानं तयार झालेली सपाट बेटं. तिथे चढून बसायला टेकडी नाही. सगळ्यात उंच वस्तू म्हणजे झाड.

इशारा मिळालाच नव्हता, असं मात्र नाही. अमेरिकन उपग्रहाच्या छायाचित्रांत वादळ दिसत होतं आणि रेडिओवर धोक्याचा संदेशही गेला होता. नंतर वाचलेल्यांकडे चौकशी झाली तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त लोकांना वादळ येतंय हे ठाऊक होतं असं दिसलं. पक्क्या इमारतीत आसरा घेतलेले मात्र १ टक्क्याच्या आसपास. कारण पक्क्या इमारती होत्याच किती? मी रोज सकाळी ऑफिसात ज्या गोष्टींवर काम करतो त्यात 'अलर्ट' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. अलर्ट गेला म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या प्रत्येकाला ही दोन टक्केवारी दाखवावीशी वाटते.

किती माणसं मेली? ३ लाख ते ५ लाख असा अंदाज सगळीकडे सापडतो. पण मला जास्त विश्वास वाटतो तो ढाक्याच्या कॉलरा रिसर्च लॅबोरेटरीच्या पाहणीवर. त्यांचे लोक वादळानंतर दोन आठवड्यांत त्या भागात पोहोचले आणि पुन्हा १९७१ च्या सुरुवातीला गेले. सोमर आणि मोस्ली या दोन डॉक्टरांनी त्यावर लिहिलेला लेख १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यांचा आकडा किमान २ लाख २४ हजार. 'किमान' अशासाठी की घरातलं कुणीतरी जिवंत असेल तरच ते घर मोजता येतं. अख्खं घर गेलं तर सांगायला कोणी नसतं. शेतमजुरीसाठी बाहेरून आलेले लोकही त्यात धरलेले नाहीत.

भोला बेटावरच्या तजुमुद्दीन या ठाण्याच्या हद्दीत १ लाख ६७ हजार लोक राहत होते. त्यातले ४५ टक्क्यांहून जास्त मेले. एका रात्रीत. मेलेल्यांत निम्म्याहून अधिक मुलं होती, दहा वर्षांखालची, आणि लोकसंख्येत त्यांचं प्रमाण होतं फक्त एक तृतीयांश. म्हातारी माणसं गेली. पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. वाचलेल्यांच्या छातीवर, दंडांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला खरचटून सोलून निघालेल्या जखमा होत्या. रात्रभर झाडाच्या खोडाला मिठी मारून राहिल्याच्या. डॉक्टरांनी या जखमांना 'सायक्लोन सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलं. ज्यांच्या हातात झाड धरून ठेवण्याइतकी ताकद होती ते उरले, असा त्या सगळ्या आकड्यांचा अर्थ होतो.

आणि निवडणूक २५ दिवसांवर होती.

याह्या खान चीनहून परतताना ढाक्याला थांबले, विमानातून तो भाग पाहिला आणि पश्चिमेला निघून गेले. त्यांनी पाहिलं तेव्हा खालचं पाणी, चिखल आणि शेतं एकाच रंगाची दिसत असणार. पाकिस्तानच्या सैन्याकडे पूर्वेत नावाला हेलिकॉप्टर होतं. पश्चिमेतली हेलिकॉप्टरं का येत नाहीत असं विचारल्यावर, भारत आपल्या हद्दीवरून उडू देत नाही, असं सरकारनं सांगितलं. भारतानं ते नाकारलं. भारतानं मदतही देऊ केली होती, पण भारतीय विमानं थेट नकोत, सामान जमिनीवरून पाठवा, असा पाकिस्तानचा आग्रह राहिला. तोवर ब्रिटिश नौदलाची जहाजं आणि अमेरिकन हेलिकॉप्टरं येऊन पोहोचली. परदेशी वार्ताहर होड्यांतून बेटांवर जाऊन बातम्या पाठवू लागले. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कहून माणसं येऊ शकत होती, आणि रावळपिंडीहून नाही. हे ढाक्यातल्या प्रत्येक माणसानं पाहिलं. १९ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. काही दिवसांनी पूर्वेतल्या अकरा राजकीय नेत्यांनी एकत्र पत्रक काढून सरकारवर अक्षम्य बेपर्वाईचा आरोप केला.

आता खरा प्रश्न उभा राहिला. निवडणूक घ्यायची का?

याचं एक उत्तर मौलाना भाशानींकडे होतं. अब्दुल हमीद खान भाशानी. नव्वदीला टेकलेले, लुंगी आणि साधी टोपी घालणारे, शेतकऱ्यांत आयुष्य काढलेले आणि 'लाल मौलाना' म्हणून ओळखले जाणारे. अवामी लीगची स्थापनाच मुळात त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली होती, पुढे ते बाहेर पडून नॅशनल अवामी पार्टीत गेले. बेटांवर जाऊन आल्यावर त्यांनी ढाक्याच्या पलटन मैदानावर मोठी सभा घेतली, सरकारच्या राजीनाम्याची मागणी केली आणि त्यांचा पक्ष निवडणुकीतून बाहेर पडला. त्यांची घोषणा होती, 'भोटेर आगे भात चाई'. बंगालीत व्होटला 'भोट' म्हणतात, त्यामुळे भोट आणि भात हे शब्द कानाला जुळे भाऊ वाटतात. मताआधी भात हवा. आपल्याकडे 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणतात तसंच. माझी आजी न वाचता भाशानींच्या पक्षात होती.

दुसरं उत्तर शेख मुजीबुर रहमान यांचं. त्यांनी प्रचार थांबवला, वादळग्रस्त भागात फिरले आणि २६ नोव्हेंबरला ढाक्यात पत्रकार परिषद घेतली. निवडणूक व्हायलाच हवी, तीही वेळेवर, ही त्यांची भूमिका होती. जितके मेले तितकेच आणखी द्यावे लागले तरी चालतील पण पूर्वेच्या लोकांना आपल्या घराचे मालक व्हायचंय, अशा अर्थाचं ते बोलले. (भाषण म्हणून ते प्रभावी आहे. पण ताज्या प्रेतांच्या शेजारी उभं राहून आणखी प्राणांची भाषा करणं मला आजही खटकतं. चार महिन्यांनी ते शब्द खरे झाले म्हणून जास्तच.) अवामी लीगचा मुद्दा नवा नव्हता. १९६६ च्या सहा कलमी कार्यक्रमापासून ते हेच सांगत होते: पूर्वेच्या तागावर परकी चलन मिळतं आणि पैसा पश्चिमेत खर्च होतो. मंगला आणि तरबेला धरणांना पैसे मिळतात, पूर्वेतल्या पुरांसाठी मिळत नाहीत. वादळापर्यंत हे अर्थशास्त्र होतं, आकडेमोडीचं होतं. १२ नोव्हेंबरनंतर ते समजावून सांगायची गरज उरली नाही.

मी बरेच दिवस भाशानींच्या बाजूनं होतो. साधी गोष्ट आहे, ज्याचं पोर वाहून गेलंय त्याच्यापुढे मतपत्रिका धरणं यात काहीतरी अश्लील आहे. शिवाय व्यवहारातल्या अडचणी असतातच: केंद्र ज्या शाळेत असतं ती शाळाच वाहून गेलेली असते, कर्मचारी स्वतः बुडालेल्या गावातले असतात, ओळखीची कागदपत्रं पाण्यात गेलेली असतात. आपल्या कायद्यातही याची सोय आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५७ नुसार नैसर्गिक आपत्तीमुळे मतदान घेणं अशक्य असेल तर मतदान केंद्राध्यक्षच तिथलं मतदान तहकूब करू शकतो.

पण तहकूब केलेलं मतदान पुन्हा कधी होणार, हे कोण ठरवणार? इथे मी अडकलो. आपल्याकडे ते निवडणूक आयोग ठरवतो, आणि ते होणार याबद्दल कुणाला शंका नसते. १९७० च्या ढाक्यात तारीख एका जनरलच्या मर्जीवर होती. एकदा पुरासाठी पुढे गेली होती. आता वादळासाठी गेली असती. त्यानंतर दुष्काळ, रोगराई, दंगल, काहीही निमित्त पुरलं असतं. मागच्या वेळी अशीच ठरलेली निवडणूक, १९५९ ची, ऑक्टोबर १९५८ मधल्या लष्करी कायद्यानं गिळून टाकली होती आणि तिच्यामागे अकरा वर्षं गेली होती. मुजीबना हे माहीत होतं. भाशानींनाही माहीत होतं, पण त्यांचा निवडणुकीच्या रस्त्यावर फारसा विश्वासच उरला नव्हता असं दिसतं. म्हणजे वाद वरवर भात आणि भोट यांचा होता, आणि आत या सरकारकडून यांपैकी काय मिळण्याची शक्यता आहे याचा.

याह्या खान यांनी शेवटी मधला रस्ता काढला. ७ डिसेंबरला सगळीकडे मतदान. फक्त वादळात सापडलेल्या भागातल्या ९ राष्ट्रीय जागांचं मतदान १७ जानेवारी १९७१ ला. या निर्णयाचं श्रेय त्यांना द्यायला हवं. कुणालाच बहुमत मिळणार नाही आणि तुकड्या-तुकड्यांच्या सभेत आपलंच चालेल, या अंदाजानं त्यांनी तो घेतला असं बहुतेक इतिहासकार म्हणतात. तरीही निवडणूक झाली आणि ती स्वच्छ झाली, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात.

अवामी लीगचं चिन्ह होतं नाव. पाण्यानं सगळं नेल्यानंतर लोकांनी नावेवर शिक्का मारला, असं वाक्य लिहायचा मोह होतो, पण नाव हे चिन्ह १९५४ च्या युक्त आघाडीपासून चालत आलेलं होतं. ७ डिसेंबरला पूर्वेतल्या १५३ जागांचं मतदान झालं. १५१ अवामी लीगला. मतं सुमारे तीन चतुर्थांश. उरलेल्या दोघांपैकी एक होते नुरुल अमीन, मयमनसिंहचे, आणि दुसरे चितगाव डोंगरी भागातले चकमा राजे त्रिदिव रॉय. दोघंही पुढे पाकिस्तानातच राहिले. नुरुल अमीन तर डिसेंबर १९७१ मध्ये, युद्ध चालू असताना, जेमतेम दोन आठवडे पाकिस्तानचे पंतप्रधान होते. पश्चिमेत भुट्टोंच्या पीपल्स पार्टीला ८१ जागा मिळाल्या.

वादळामुळे अवामी लीग जिंकली, असं अनेक ठिकाणी एका ओळीत लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. भाशानी मैदान सोडून गेले त्याचा फायदा झाला, रागाचाही झाला, पण सहा कलमं आणि १९६९ चं आंदोलन यांच्यामुळे त्यांचा विजय ठरल्यासारखाच होता. वादळानं दुसरी गोष्ट केली. तडजोडीची जागा काढून घेतली. ज्या केंद्र सरकारच्या हाती संरक्षण आणि परराष्ट्र धोरण यापलीकडे काही ठेवायचं नाही असं सहा कलमं म्हणत होती, ते सरकार आपल्या लोकांपर्यंत तांदूळही पोहोचवू शकत नाही हे जगानं पाहिलं होतं. त्यानंतर मुजीबना सहा कलमांतलं एखादं सोडून द्यायचं असतं, तरी ते कुणाच्या तोंडावर सोडणार होते? ३ जानेवारीला ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर त्यांनी आपल्या सगळ्या निवडून आलेल्या सदस्यांना जाहीर शपथ दिली, सहा कलमांपासून ढळणार नाही म्हणून.

त्या दिवशी भोलाचं मतदान व्हायला अजून दोन आठवडे होते.

माझं मन या १७ जानेवारीवर येऊन थांबतं. गणित पाहिलं तर त्या ९ जागांची कुणाला गरज नव्हती. १५१ जागा हातात होत्या, स्त्रियांच्या ७ राखीव जागा धरल्या की १५८, आणि ३१३ च्या सभेत बहुमताला १५७ पुरतात. निकाल लागलेला होता. घरांवर छप्पर नव्हतं. त्या किनाऱ्यावरच्या ७७ हजार मच्छीमारांपैकी ४६ हजार मेले होते आणि होड्या फुटल्या होत्या. मतदारयादी वादळाच्या आधीची. टक्केवारी म्हणजे भागाकार, वरती मत दिलेले, खाली यादीतले. वादळाआधीच्या यादीनं भागलं तर तजुमुद्दीनमध्ये खालच्या आकड्यात मेलेली माणसं बसलेली असतात आणि गेलेल्यांत बायका जास्त, म्हणजे बायकांच्या यादीत ती आणखी जास्त. सगळे जिवंत लोक जरी रांगेत उभे राहिले असते तरी कागदावर तिथलं मतदान अपुरंच दिसलं असतं. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो, नको असलेल्या नोंदी काढून टाकणं हे माझ्या पगाराचं काम आहे. ती यादी माझ्यासमोर आली असती तर मी काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही.

तरी मतदान झालं आणि नवाच्या नऊ जागा अवामी लीगनं जिंकल्या. भोलामधून निवडून आले तोफाएल अहमद. वय २७. दोन वर्षांपूर्वी ढाक्यातले विद्यार्थी नेते होते, मुजीबना 'बंगबंधू' ही पदवी जाहीर सभेत त्यांनीच दिली होती.

गरज नसलेलं ते मत लोकांनी का दिलं असेल, याचा विचार करताना मला २१ ऑक्टोबरची संध्याकाळ आठवते. पाच वाजता आजी अचानक उठली, लुगडं नीट केलं आणि म्हणाली, "चल, सोड मला." तिचं मतदान कार्ड पुरात भिजून लगदा झालं होतं, आधार कार्डावर काम झालं. परत येताना मी विचारलं, सकाळी तर नाही म्हणाली होतीस. तर म्हणाली, "घरात बसून कुणावर रागवू? तिथं निदान बटण तरी आहे." कोणतं बटण दाबलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आपत्तीनंतर ताबडतोब मतदान घेणं म्हणजे लोकशाही, असं मात्र याच्यावरून कुणी समजू नये. मे २००८ मध्ये म्यानमारला नर्गिस चक्रीवादळाचा तडाखा बसला. मेलेले आणि बेपत्ता मिळून १ लाख ३८ हजारांच्या वर. तिथल्या लष्करी सरकारनं नव्या राज्यघटनेवर आठवडाभरात, १० मेला, ठरल्याप्रमाणे सार्वमत घेतलं. फक्त वादळग्रस्त ४७ तालुक्यांत ते दोन आठवडे उशिरा, २४ मेला घेतलं. परदेशी मदत अडवून ठेवलेली असताना. निकाल जाहीर झाला: ९८.१२ टक्के मतदान, बाजूनं ९२.४८ टक्के. जिथे वादळानं माणसं शेकड्यांनी वाहून नेली, त्या देशात यादीतली जवळपास सगळी नावं मत देऊन गेली. भागाकार इथेही तोच आहे. तजुमुद्दीनचा विचार करून झाल्यावर तो ९८.१२ आकडा वाचला की अंगावर काटा येतो.

पाकिस्तानच्या नव्या सभेची पहिली बैठक ३ मार्च १९७१ ला ढाक्यात ठरली होती. भुट्टोंनी यायला नकार दिला. १ मार्चला याह्या खान यांनी रेडिओवरून बैठक पुढे ढकलल्याचं जाहीर केलं, एक तारीख पुन्हा एकदा पुढे गेली, आणि या वेळी ना पूर होता ना वादळ. ढाका रस्त्यावर आलं. २५ मार्चच्या रात्री सैन्य बाहेर पडलं. पुढचे नऊ महिने आपल्याला माहीत आहेत.

ती सभा कधीच भरली नाही. तोफाएल अहमद भोलाच्या लोकांच्या वतीनं तिथे एक दिवसही बसले नाहीत. स्वातंत्र्यानंतर नव्या सरकारनं किनाऱ्यावर मातीचे उंच ढिगारे उभारले, पाणी आलं की माणसांनी आणि गुरांनी चढून बसायला. लोक त्यांना 'मुजीब किल्ला' म्हणतात. वादळाचा इशारा घरोघरी पोहोचवणाऱ्या स्वयंसेवकांची फळी रेड क्रॉसच्या मदतीनं बांधली गेली. आणि राज्यघटना लिहायची वेळ आली तेव्हा नवी निवडणूक घेतली नाही. १९७० च्या डिसेंबरात आणि १९७१ च्या जानेवारीत जे निवडून आले होते, त्यांच्यातूनच संविधान सभा तयार झाली. १० एप्रिल १९७२ ला ती पहिल्यांदा बसली, ४ नोव्हेंबरला तिनं घटना संमत केली. १७ जानेवारीला छप्पर नसलेल्या गावांतून लोक चालत जाऊन जे मत देऊन आले, ते पाकिस्तानच्या सभेसाठी होतं. ते मोजलं गेलं बांगलादेशच्या.